हळदीचा डावा, कुंकवाचा उजवा

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला तोंड होतं. ताटात भाकरी पालथी पडली तर ती उचलून सुलटी केल्याशिवाय जेवणाला सुरुवात होत नसे. गोधडीला उशाचं आणि पायथ्याचं अशी दोन टोकं ठरलेली, आणि पायथ्याचं टोक अंगावरून तोंडाकडे आलं तर स्वप्नं वाईट पडतात म्हणून रात्री हाक मारून उठवलं जाई. विड्याच्या पानाचं देठ देवाकडे, नारळाची शेंडी देवाकडे, केरसुणी कोपऱ्यात आडवी, चपला दाराकडे पाठ करून. हा सगळा कायदा जिजीचा. जिजी म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परत आली, आणि आली ती दुःखी वगैरे होऊन कोपऱ्यात बसायला नव्हे. आल्या आल्या तिनं घराच्या किल्ल्या कमरेला लावल्या. माझी आई स्वभावानं शांत. जिजीचं राज्य आल्याचा तिला आनंदच झाला असावा, कारण तेव्हापासून चुलीजवळ तिला कुणी त्रास दिला नाही. आवाज जिजीचा आणि हात आईचे, असं आमचं घर चालायचं.

घराच्या पुढच्या बाजूला, मंठ्याच्या हमरस्त्याला लागून, पत्र्याचं शेड होतं. शेडमध्ये अण्णांचं गॅरेज. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या हाताखाली, किंवा त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या बरोबरीनं, त्यांचा धाकटा भाऊ नाना. शेड आणि घर यांच्यामध्ये अंगण, आणि अंगणात कडुनिंब. सकाळी चुलीकडून भाकरी थापल्याचा थपथप आवाज यायचा आणि शेडकडून हातोडीचा ठणठण. दोन्हींचा ताल कधी जुळला तर मी अंगणात उभी राहून त्यावर नाचायचे. मला असं नाचताना बघून जिजी म्हणायची की ही पोरगी नांदणार नाही, तमाशात जाईल. नांदले. तमाशाही सोडला नाही. आता फक्त लग्नाकार्यात, पंगत उठल्यावर, बायकांच्या घोळक्यात करते.

अण्णांचाही एक धर्म होता, आणि तोही तोंडाचाच. ब्रेकचं काम म्हणजे त्यांच्या मते निम्मं धुणं आणि निम्मं तोंड ओळखणं. तोवर आमच्याकडे यायच्या त्या गाड्यांना जुन्या पद्धतीचे, चाकाच्या डब्यात बसणारे ब्रेक असायचे. मग डिस्कच्या गाड्या येऊ लागल्या. त्यात चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायला एक बिडाचा पंजा असतो. त्या पंजाला कॅलिपर म्हणतात. अण्णांनी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांना लहान मुलाला खेळणं मिळावं तसा आनंद झाला, आणि तो वाटून घ्यायला समोर मीच होते. बारावी झाली होती, पुढचं काही ठरलं नव्हतं, आणि अण्णांना श्रोता लागायचा. ते एकेक भाग माझ्या हातात देत आणि विचारत, याचं तोंड कुठं? पिस्टन वाटीसारखा असतो; वाटीचं पोकळ तोंड पॅडकडे आणि बंद बूड तेलाकडे. रबराची रिंग तिच्या खाचेत पीळ न पडता बसली पाहिजे. धूळ अडवणाऱ्या रबरी झालरीची कड आत. पॅडचा मसाला तबकडीकडे, पत्रा मागं. हे शेवटचं ऐकून मी हसले होते, की हे कोण चुकेल. तर अण्णांनी परतूरकडच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यांनी घरच्या घरी पॅड उलटे बसवले आणि गाडी थांबवताना असा आवाज काढला की शेजारच्या घरातली म्हैस दावं तोडून गेली. ही गोष्ट खरी की खोटी ते मला माहीत नाही. आमच्या घरात गोष्टीला तोंड लागे, पुरावा लागत नसे.

आमची स्वतःची गाडी म्हणजे एक पांढरी चौकोनी व्हॅन. गाव तिला पावाचा डबा म्हणायचं. अण्णांनी ती मोडकी घेऊन उभी केली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. तिचं बोनेट म्हणून काही नव्हतं. ड्रायव्हरची सीट बरोबर पुढच्या चाकाच्या वर. दार उघडून खाली वाकलं की चाकाचं सगळं पोट दिसायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या व्हॅननंच अण्णांची एकदा फजिती केली होती. माझी मोठी बहीण, शोभाताई, धावड्याला दिलेली. धावडा म्हणजे भोकरदनच्या वरच्या अंगाला, आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. तिच्या डोहाळजेवणाला अण्णा आम्हा सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून घेऊन गेले. ताईच्या सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या, व्याही शेजारी फेटा बांधून. अण्णांनी ब्रेक दाबला. गेल्या पावसाळ्यात गंजलेला एका कॅलिपरचा पिस्टन नेमका अडकला होता, दुसरा एकटाच ओढत होता. गाडी तिरकी झाली, सासूबाईंच्या पुढून, व्याह्यांच्या पुढून, अगदी सावकाश, मिरवणुकीतल्या रथासारखी निघून गेली आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत तोंड घालून थांबली. आत आम्ही सगळे नमस्काराला हात जोडून बसलेलो. व्याही मागून चालत आले, खिडकीत वाकले आणि म्हणाले, “पाव्हणे, घर मागं राह्यलं.”

तेवढंच. पण ते वाक्य अण्णांच्या अंगाला गोखरूसारखं चिकटलं. त्या वेळी त्यांनी अडकलेला पिस्टन तिथंच ठोकून मोकळा केला, गाडी हळूहळू घरी आणली आणि पुढं कामाच्या गर्दीत ते राहून गेलं.

मग ताई बाळंतपणाला आली. मुलगा झाला. घरभर शेपा-बाळंतशोपाचा, डिंकाच्या लाडवांचा आणि धुरीचा वास. ताई खाटेवर आणि आम्ही सगळे त्या खाटेभोवती. आई पहाटे उठून तिच्यासाठी बाजरीची गरम भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी आणि तुपात परतलेला डिंक करायची. त्यातलं जे उरे ते मी आणि नाना भांडून खायचो. बाळाचं नाव बारशात काय ठेवलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्याला गोटू म्हणायचे. गोटूला पोटात वारा धरायचा. दूध पिऊन झालं की तो पाय पोटाशी घेऊन लालबुंद होई आणि सगळी गल्ली डोक्यावर घेई. जिजी त्याला खांद्यावर उभा टाकून अंगणात फेऱ्या मारी, पाठीवर हात फिरवी, आणि शेवटी बाप्या माणसाला शोभेल असा एक ढेकर येई. मग ती शेडकडे तोंड करून, अण्णांना ऐकू जाईल असं म्हणायची, “निघाला बरं का वारा.” जशी काही तिचीही एक गाडी दुरुस्त झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईची पाठवणी ठरली. व्याह्यांचा निरोप एसटीडी बूथवर आला, तो नानानं घेतला आणि घरी येऊन जसाच्या तसा, आवाजासकट, सांगितला. नाना नकला फार छान करी; ती कला मी त्याच्याकडून चोरली. निरोप असा होता की बाळंतीण आणि पोर घरी आणायचं म्हणजे जोखीम आहे, तुमच्या गाडीचा भरवसा न्हाई, तर आम्ही आमची जीप पाठवतो, दुपारपर्यंत पोचंल. अण्णा पाना हातात घेऊन उभे होते. त्यांनी नानाला परत बूथवर पाठवलं आणि सांगायला लावलं की नातू आजोळच्या गाडीतच येईल, आणि गाडी दारातच थांबंल. व्याह्यांनी उत्तर पाठवलं की बरं, पण पाठवणीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा फोन करा, गाडी जमत नसंल तर जीप तयारच आहे. म्हणजे पुन्हा फजिती व्हायची वाट बघत होते. आता सगळ्या घराला माहीत झालं की अण्णांचं नाक त्या दोन कॅलिपरमध्ये अडकलंय.

अण्णांनी काम मन लावून केलं. जालन्याहून नव्या रिंगा, नव्या झालरी, नवे रबरी पाइप आणले. दोन्ही कॅलिपर काढून, कॉम्प्रेसरच्या हवेनं पिस्टन बाहेर उडवून (ही माझी सर्वांत आवडती गोष्ट, फटाक्यासारखा आवाज येतो आणि पिस्टन फडक्यात येऊन पडतो), सगळं ब्रेक ऑइलनं धुऊन, नवं बसवून त्यांनी ती जोडी टेबलावर पोत्यावर मांडली. डावा डाव्या हाताला, उजवा उजव्या हाताला. वर खडूनं डाव्यावर ‘डा’ आणि उजव्यावर ‘उ’ लिहिलं. ती दोन बिडाची पाखरं अगदी जुळी दिसत होती, फक्त एक दुसऱ्याची आरशातली छबी. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक निपल, म्हणजे आतली हवा बाहेर काढायची पोकळ नळी.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. पाने, हातोडी, जॅक, पकडी, सगळं धुऊन पाटावर येई. त्या वर्षी जिजीनं फर्मान काढलं की गाडीचे ब्रेक हेच खरं हत्यार, ज्याच्यावर पोराचा जीव, तेव्हा तेही पूजेला बसतील. अण्णांना ते पटलं. त्यांना पूजेत कॅलिपर बसण्याचा मनातून अभिमानच वाटला. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही उचलून पाटावर ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि ते आंघोळीला गेले. पूजा मांडणं जिजीचं काम. तेव्हा पुरुषांनी तिथं थांबायचं नाही. आम्ही आलो तेव्हा पाट नटला होता. ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केलेलं लोखंड, झेंडूच्या माळा, वर दोरीला टांगलेल्या कडाकण्या, आणि मधोमध कॅलिपरची जोडी, पाइप लागतो त्या भोकात एकेक झेंडूचं फूल खोचलेलं. इतकी सुंदर पूजा मी पुन्हा बघितली नाही. अण्णांनी नमस्कार केला आणि डोळे मिटले. माझा अंदाज आहे की त्यांनी देवाकडे धावड्याचं दार मागितलं.

दसरा पुरणपोळीत आणि येळवणीच्या आमटीत गेला. शिलंगणाहून सगळे सोनं घेऊन आले, घटातलं पिवळं धान नानानं टोपीत खोचलं आणि एक चिमूट व्हॅनच्या वायपरला बांधलं. पूजा उतरली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच अण्णा आणि नाना कामाला लागले. पाटावरून डावीकडचा अण्णांनी उचलला आणि डाव्या चाकाला लावला. उजवीकडचा नानानं उचलला आणि उजव्या चाकाला लावला. दोघंही माझ्या आयुष्यात बघितलेले सर्वांत चांगले ब्रेकवाले. नाना एकदा कुरकुरला की नवा पाइप जरा आखूड आला वाटतं, पीळ पडून राह्यलाय. अण्णा म्हणाले, नवं रबर हाय, बसंल.

आता हवा काढायची. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पॅडल ओल्या गादीसारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून एक जण वर बसून पॅडल मारतो आणि एक जण खाली निपल उघडून हवा बाहेर सोडतो. वर मी, खाली कधी अण्णा, कधी नाना. हे एक गाणंच असतं. खालून आवाज येतो, “मार.” मी मारते. “मार. मार. धर.” मी दाबून धरते. खाली पाना फिरतो, फुस्स होतं, पॅडल माझ्या पायाखालून बुडतं. “सोड.” पहिल्या काही फेऱ्या मी सुरात केल्या. मग तेलाची एक बाटली संपली, दुसरी उघडली, तीही संपत आली, आणि पॅडल तसंच. पाय ठेवला की पार तळाला.

मग सुरू झालं ते भावाभावांचं भारत. अण्णा म्हणाले की उजव्या बाजूला कुणीतरी रिंग पिळवटलीय. नाना म्हणाला की दादा, कुणीतरी कशाला, नाव घ्या की. त्यानं उजवा खोलून दाखवला. आत सगळं बराबर. मग तो म्हणाला, आता तुमचा बघू. अण्णांचा खोलला, आत सगळं बराबर. वाटीचं तोंड पॅडकडे, बूड तेलाकडे, झालर आत, मसाला तबकडीकडे. एकमेकांची चूक सापडली नाही याचं दोघांनाही फार वाईट वाटलं. पुन्हा बसवलं, पुन्हा मार, मार, धर. माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या. आई भाकरी घेऊन आली आणि तशीच परत गेली. आत ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली, तिच्यावर गोटूची लाल कुंची. ताई दोनदा येऊन बघून गेली आणि बॅगेवरची कुंची नीट करून आत गेली. अण्णांना तेच जास्त लागलं असणार.

ऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी आलं तेव्हा अण्णांनी पाना खाली ठेवला. हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिले. मग नानाकडे न बघता म्हणाले, “जा. फोन कर त्यांना. जीप पाठवा म्हणावं.”

नाना हलला नाही.

“दादा, अजून एकदा मारून बघू.”

“तीन महिन्यांचं पोर हाय, नाना. माझ्या नाकासाठी त्याला गाडीत घालू का?”

नाना टोपी घालून निघाला. वायपरला बांधलेल्या धानाकडे अण्णा बघत राहिले. मी अजून वरच बसले होते, पाय पॅडलवर, दार उघडं. नाटकी माणसाला रडू आलं तर ते खरं वाटत नाही, म्हणून मी ते आवरत होते.

तेवढ्यात ओट्यावर गोटूनं सूर लावला. ताईनं त्याला पाजलं होतं आणि मांडीवर आडवा घेऊन ती त्याची पाठ थोपटत होती. थोपटता थोपटता तिचंही तोंड रडवेलं झालेलं. जिजी आतून आली ती ओरडतच आली.

“अगं आडवं धरून थापटून काय करून राह्यलीस? कवापासून थापटतीस, निघाला का? उभं धर त्याला. तोंड वर कर. वारा वरच्या वाटेनं जातो, खालच्या अंगाला कितीबी थापटलं तर निघंल का?”

तिनं पोर उचललं आणि खांद्यावर उभं टाकलं. आणि मी, का कोण जाणे, दारातून खाली वाकले. बरोबर माझ्या सीटखाली उजवं चाक. चाक काढलेलं, कॅलिपर उघडा. निपल कुठं आहे ते मी बघितलं. ते खाली होतं. जमिनीकडे तोंड करून, तेलाचे थेंब गाळत.

मी म्हणाले, “अण्णा, याचं तोंड खाली हाय.”

“कुणाचं?”

“कॅलिपरचं. वारा वर अडकलाय. आपण खालून थापटून राह्यलो.”

अण्णा जागचे उठले नाहीत. बसल्या बसल्याच वाकून त्यांनी बघितलं. मग उठले, गाडीला वळसा घालून डाव्या चाकाकडे गेले. तिथंही निपल खाली. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, म्हणूनच सकाळपासून कुणाला खटकलं नव्हतं. सारखं दिसलं की माणसाला ते बरोबरच वाटतं. आणि या दोघांचे हात इतके सरावाचे की पाना निपल शोधत गेला, वर-खाली बघायला कुणी थांबलं नाही. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे; आणि दुसऱ्या बाजूला तो उलटा होऊनच बसतो. आत सगळी तोंडं बरोबर, आणि अख्खा कॅलिपरच डोक्यावर उभा.

ते परत आले ते हसत नव्हते, पण मिशी हलत होती. मला म्हणाले, नानाला धर. मी सीटवरून उडी मारली, सापडल्या त्या चपला घातल्या आणि हमरस्त्यानं पळत सुटले. बूथपाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की डाव्या पायातली उजव्या पायात आहे. नाना काचेच्या खोक्यात उभा राहून तिसऱ्यांदा नंबर फिरवत होता. धावड्यात फोन एकाच दुकानात, आणि देवाच्या दयेनं त्या दुकानदाराला त्या सकाळी कुणाशी तरी भरपूर बोलायचं होतं. मी आत हात घालून फोनचा खटका दाबला. बूथवाला मला वेडी समजला. अजूनही समजतो.

आम्ही परत आलो तेव्हा अंगणात खटला उभा राहिलेला. अण्णा ओट्याच्या पायरीवर, जिजी वर, गोटू तिच्या खांद्यावर. अण्णांनी अगदी मऊ आवाजात विचारलं की पूजेतल्या जोडीला कुणी हात लावल्ता का. जिजीनं आढेवेढे घेतले नाहीत. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

“मीच लावल्ता. खडूची रेघ पुसली आन् जागा बदलल्या. सणाच्या दिवशी जोडीनं पाठीला पाठ लावून बसायचं असतं का? रुसल्यावानी दिसत व्हती. मी समोरासमोर केली.”

अण्णांनी एक सुस्कारा सोडला. “जिजी, ती रुसलेली न्हाई. ती तशीच असती. त्यांच्या मधी गाडी असती.”

जिजीनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. गोटूची पाठ थोपटणं चालूच.

“मंग गाडी बी मांडायची व्हती की मधी,” ती म्हणाली. “मला काय सपान पडतंय?”

नाना आधी हसला, मग ताई, मग अण्णा असे हसले की त्यांना पायरीवरच बसावं लागलं. कॅलिपरची अदलाबदल करायला दोघा भावांना फार वेळ लागला नाही. पाइपचा पीळही आपोआप गेला. तो बिचारा सकाळपासून सांगत होता. मी वर चढले. मार, मार, धर. खालून जी हवा निघाली तिचा आवाज मी आजही तोंडानं काढून दाखवते. पॅडल माझ्या पायाखाली दगडासारखं उभं राहिलं. इथं गोटूनंही नेमका त्याच क्षणी ढेकर दिला असं मी लग्नाकार्यात सांगते, आणि बायका टाळ्या देतात. खरं म्हणजे तो तेव्हा झोपला होता. पण इथं लिहून ठेवायचंय म्हणून खरं सांगितलं.

अण्णांनी बाजारतळाच्या मोकळ्या जागेत गाडी पुन्हा पुन्हा पळवून थांबवून बघितली. खात्री झाली तेव्हाच ताई आणि पोर आत बसलं. आईनं धपाटे आणि दही बांधून दिलं. जालना गेलं, भोकरदन गेलं, उजेड उतरणीला लागला तसे डोंगर जवळ आले. दर उतारावर आम्ही सगळे, जिजीसकट, पाय जमिनीवर दाबून बसलो, जणू प्रत्येकाच्या पायाखाली एकेक ब्रेक.

धावड्यात दिवेलागणीची वेळ. व्याही फेटा बांधून दारात. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. शेजाऱ्यानं, मी शपथेवर सांगते, गंजीपुढं बाज आडवी टाकून ठेवली होती. अण्णांनी वेग कमी केला, आणि मग गाडी अशी थांबली की ताईच्या बाजूचं सरकतं दार उघडलं तेव्हा सासूबाई बरोबर समोर. त्यांना एक पाऊल इकडे तिकडे सरकावं लागलं नाही. त्यांनी हात लांब केला, सुनेवरून आणि नातवावरून तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं आणि दोन्ही टाकून दिलं. गोटू आजीकडे बघून हसला.

व्याही खिडकीत वाकले. अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. व्याह्यांनी पुढचं चाक बघितलं, आपला उंबरा बघितला, मधलं अंतर बघितलं.

“बराबर,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर अण्णा गात होते. त्यांना गाता येत नसे.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला जिजीनं पुन्हा ब्रेक मागितले. तोवर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची डिस्कची गाडी शेडमध्ये होती. अण्णा घाबरले, पण नाही म्हणायची छाती झाली नाही. या वेळी जिजीनं आम्हाला समोर बसवून पूजा मांडली. डावा कोणता ते अण्णांकडून विचारून घेतलं आणि त्याला हळद लावली, निपलाच्या बरोबर खाली, ठळक. उजव्याला कुंकू. मग दोघांना पाठीला पाठ लावून ठेवलं आणि मधे, गोटू आला तेव्हा विसरून गेलेली, त्याची निळी पत्र्याची खेळण्यातली मोटार ठेवली. म्हणाली, आता कुणाची रुसायची टाप न्हाई.

जिजी गेली, अण्णा गेले. गॅरेज आता नानाचा मुलगा चालवतो आणि मी जालन्याहून सणासुदीला जाऊन त्यात लुडबुड करते. आमच्याकडे आजही खोललेल्या डाव्या कॅलिपरला हळदीचा ठिपका असतो आणि उजव्याला कुंकवाचा. शिकाऊ पोरंही “हळदीचा दे” म्हणूनच हाक मारतात. परवाच्या दसऱ्याला गोटू आला होता, बायकोला आणि पोरीला घेऊन, स्वतःच्या गाडीत. ब्रेक ओढतोय म्हणाला. चाक काढलं, कॅलिपर धुतले, मी सवयीनं बोट बुडवून ठिपके दिले. तो शेजारी उभा होता. त्याला यातलं काही माहीत नाही. तेव्हा तो जिजीच्या खांद्यावर होता. त्यानं वाकून कुंकवाच्या ठिपक्याला बोट लावलं, ते कपाळाला टेकवलं, आणि मग पोरीच्याही कपाळाला लावलं.

कॅलिपर परत चढले तेव्हा मी फक्त एकदा वाकून निपल वर आहे ना ते बघून घेतलं.